सात शुक्रवार

मोबाइलवर आलेलं रेबेलोमास्तरांचं पत्र झुलेखानं दोनदा वाचलं. एकदा मनातल्या मनात, इंग्रजीत. मग मोठ्यानं, घरच्या बोलीत, सगळ्यांना कळेल असं. दुसऱ्या वेळी तिनं एक ओळ गाळली. हवाबाईला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण सुनेची नजर कुठं किती वेळ अडखळते ते तिला बरोबर कळायचं. शेवटून तिसऱ्या ओळीवर नजर थांबली होती आणि तोंड मात्र पुढं निघून गेलं होतं.

काहीतरी दडवलं पोरीनं.  हवाबाईचे हात मातीत होते, ते चालूच राहिले.

गुरुवार होता; दुपारची नमाज होऊन माणसं नुकतीच परतली होती. कारखान्यात, म्हणजे घराच्या मागच्या पत्र्याच्या पडवीत, भट्टी निवत आली होती. नवऱ्याची, जुसब लुहाराची, बैठक भिंतीशी, खिडकीखाली. त्याच्यासमोर दोन हातांवर हवाबाईची परात. घंटेवर पितळेची पूड लावायची, वरून माती आणि कापसाचा लगदा लपेटायचा, मग ती भट्टीत जायची. हे काम या घरात बायांचं. पत्रा कापणं, ठोकून गोल करणं, भट्टी सांभाळणं पुरुषांचं. आणि सगळ्यात शेवटी, भाजून निघालेल्या घंटेच्या कडेवर बारीक हातोडीनं टक टक करत तिच्यातून नाद काढणं, ते एकट्या जुसबचं. त्याच्याआधी त्याच्या बापाचं होतं. त्याच्यानंतर आपलं असावं, असं धाकट्या भावाला, ओसमाणला, गेली तीस वर्षं वाटत होतं. ओसमाणनं तसं कधी बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी माणूस चहा कसा पितो त्यावरूनही कळतात.

"परत सांग," ओसमाण म्हणाला. "तो गोव्याचा म्हातारा काय म्हणतो?"

"चाचा, मास्तर म्हणतात की पौष-माघातल्या सात शुक्रवारच्या घंटा बेसूर आहेत. आधीच्या बरोबर, नंतरच्या बरोबर. मधल्या सातच."

"अन् त्याला काय कळतं?"

"पियानोचे सूर जुळवायचे ते. पन्नास वर्षं."

"पियानो गुरांच्या गळ्यात बांधतात काय?"

थोरला मुलगा अलीमामद हसला. पण ओसमाणही हसला नाही आणि झुलेखाही नाही, तेव्हा त्यानं हसू आवरून मिशीवरून हात फिरवला.

चार वर्षांपूर्वी याच पडवीत याच ओसमाणनं झुलेखाच्या वेबसाइटची टर उडवली होती. 'यंत्रात घंटा वाजवतेस, म्हशी येतील का गं पळत?' म्हशी आल्या नाहीत. माणसंही आली नाहीत. पोरीनं नेम धरला होता: दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, एक घंटा. तिचा फोटो, तिचा आवाज, आणि खाली चारपाच ओळी: पत्रा कुठला, ठोकली कुणी, भाजली कुणी, नाद कुणी काढला, कोणत्या जनावरासाठी. 'विकत घ्या' असं कुठंही नाही. पहिल्या वर्षी ऐकणारे अकरा, त्यातले सात नात्यातले, आणि त्यांतले दोघं तर फोन चुकून लागला म्हणून. आठवा हा रेबेलोमास्तर. धाकटा मुलगा लतीफ भुजला मोबाइलच्या दुकानात बसायचा, तो म्हणाला, "भाभी, दहा हजार ऐकणारे विकत मिळतात, एका रात्रीत." झुलेखा म्हणाली, "अन् त्यांना कान असतात का?" ती पुन्हा पुढच्या शुक्रवारी एक घंटा घेऊन बसली. तापात बसली, पोटुशी असताना बसली, वादळात वीज गेली तेव्हा बॅटरी मांडीवर घेऊन बसली. दोनशे सहा शुक्रवार. अकराचे चाळीस झाले, चाळीसचे तीनशे, आणि आता तीन हजार शंभर माणसं, कुठल्या कुठल्या मुलखातली, शुक्रवारी दुपारी या पडवीतला आवाज ऐकायला थांबायची. त्यांच्यातूनच मागणी यायला लागली. गुराखी कमी होत चालले होते. पडवी आता या न पाहिलेल्या माणसांवर चालत होती.

आणि ही माणसं एकाच कारणानं टिकली होती. जे खाली लिहिलेलं असायचं ते खरं असायचं.

"पत्रा," ओसमाण म्हणाला. "मी सांगितलं होतं. अलीमामदनं त्या भंगारवाल्याकडून पिंपाचा पातळ पत्रा उचलला. पातळ पत्र्यातून नाद कसा निघणार?"

"चाचा, पत्रा तोच आहे अजून. मागच्या शुक्रवारच्या घंटेलाही तोच होता," अलीमामद म्हणाला. "पत्र्याचं नाव घेण्याआधी आपल्या भट्टीचं बघा. पौषात तुम्ही रोज गप्पा मारायला चौकात. माल करपला असेल."

"माझ्या भट्टीत माल करपला? तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून—"

"वयाचं कोण बोलतंय? गप्पांचं बोलतोय."

"भाभी, पोराला काही शिकवलं नाही तुम्ही," ओसमाण हवाबाईकडं वळला.

"शिकवलं होतं, ओसमाणभाई. मग तो तुमच्या हाताखाली आला."

लतीफ फिस्सकन हसला. हवाबाईनं मान खाली घातली आणि लगदा जरा जास्तच जोरानं तिंबला. भांडू देत, तिच्या मनात आलं. पत्र्यावर भांडू देत, भट्टीवर भांडू देत, संध्याकाळपर्यंत भांडू देत. या दोन गोष्टींवरून तिसरीकडं कुणाचं लक्ष जायला नको.

जुसब भिंतीशी पाय दुमडून बसला होता, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत. मधूनच मान हलवायचा. या घरात सगळेच पुरुष कानानं जड. जन्मभर ठोकाठोक करणाऱ्यांचं तसंच होतं, आणि म्हणून सगळेच ओरडून बोलायचे. मोठा आवाज त्याला पोचायचा. जे पोचत नव्हतं ते फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्या दोघांनीही त्याबद्दल एकमेकांशी आजवर एक शब्द काढला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उंटाची मोठी घंटा होती. जुसबनं कडेवर टक केलं, कानाशी धरली, परत टक केलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आणि त्याच्या चेहऱ्यावर हवाबाईला ते दिसलं. अंधारात जिना उतरताना पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं काहीतरी. सहाव्या टकोऱ्याला नाद लागला, लख्ख लागला. तिचे मातीतले हात आपोआप थांबले. चाळीस वर्षं समोर बसून तिचे कान त्या जागेला सरावले होते. जुसबची नजर वर आली ती तिच्या थांबलेल्या हातांवर पडली. त्यानं हातोडी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तेच. नाद चुकला आहे तोवर ती तिंबत राहायची. लागला की हात थांबायचे. माती तिंबणाऱ्या बाईच्या हातांकडं या घरात कोण बघतंय? कुणीच बघितलं नव्हतं.

आणि पौषात ती मांडवीला गेली होती. लेकीचं दुसरं बाळंतपण, तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दुसरं कोणी नाही. निघताना जुसबला म्हणाली होती, "पन्नासेक दिवस लागतील. तोवर नुसती ठोकाठोक करून ठेवा, नाद मी आल्यावर—" आणि जीभ चावून गप्प झाली होती, कारण एवढंही बोलणं जास्त झालं होतं. तो मानी माणूस. भाऊ समोर बसलेला असताना सात आठवडे हातोडी खाली ठेवून कारण काय सांगणार? त्यानं नाद काढले. अंदाजानं, बोटांनी, जुन्या आठवणीनं. आणि पोरीनं ते इमानानं दर शुक्रवारी जगाला ऐकवले, खाली लिहून: नाद जुसब लुहार यांचा.

सात शुक्रवार. वेबसाइटवर तारखेसकट.

"लतीफ, जरा ते पत्र घे," ओसमाण म्हणाला. "तू वाच. झुलेखा फार भरभर वाचते."

झुलेखानं मोबाइल दिला. दुसरं करणार तरी काय. लतीफ ओठ हलवत वाचत गेला, मध्येच थांबला, भाभीकडं पाहिलं, मग आईकडं.

"वाच की."

"लिहिलंय की..." लतीफनं घसा साफ केला. "'मालकांची तब्येत कशी आहे? माझ्या धंद्यात माणसाचे कान गेले की असे दिवस येतात. तसं नसो.'"

 भट्टीत एक कोळसा फुटला.

ओसमाणनं हळूच मान वळवून भावाकडं पाहिलं. त्या नजरेत आनंद असता तर हवाबाईला बरं वाटलं असतं. आनंदाला तिला तोंड देता आलं असतं. पण तिथं भीती होती, आणि भीतीच्या मागं ते तीस वर्षांचं जुनं, थांबून राहिलेलं.

"झुलेखा," तो म्हणाला, "तू सगळं लिहून ठेवतेस. पत्रा तोच. भट्टी माझीच, आधीही अन् नंतरही. मग त्या सात आठवड्यांत वेगळं काय होतं? बघ बरं तुझ्या त्या यंत्रात."

झुलेखानं मोबाइल परत घेतला. बोट फिरवत गेली. हवाबाई तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. हातांकडं तिचं लक्षच नव्हतं. पोरीचं बोट एका तारखेवर थांबलं. मग दुसऱ्या. पौषाच्या सुरुवातीला सासूला बसमध्ये बसवून देताना हिनंच काढलेला फोटो त्यात होता, शेवटी घ्यायला गेली तेव्हा लेकीच्या बाळाचाही होता. झुलेखानं मान वर केली. सासूकडं पाहिलं. मग सासूच्या परातीकडं, हातांकडं, आणि हातांच्या बरोबर समोर बसलेल्या सासऱ्याकडं.

कळलं तिला. कुणी न सांगता कळलं. चार वर्षं कानाला यंत्र लावून याच पडवीतला आवाज ऐकणारी पोर ती.



"मोबाइल," झुलेखा म्हणाली.

"काय मोबाइल?"

"पौषात माझा मोबाइल पडला होता, चाचा. आवाज घ्यायचं बिघडलं होतं. मग दुरुस्त केला. घंटा बरोबरच होत्या. माझ्या यंत्राचा दोष. मी मास्तरांना तसं लिहिते. उद्या सगळ्यांनाच लिहिते."

किती सरळ खोटं बोलली. तीन हजार शंभर माणसांना पोर उद्या लिहिणार होती की दोष माझा. तो आंधळा विश्वास नव्हता त्यांचा. एकेक शुक्रवार ऐकून त्यांनी तो ठेवला होता. आणि मास्तरसारखा माणूस मोबाइलच्या दोषावर विश्वास ठेवेल? तो ओळखेल. एकदा ओळखलं की दोनशे सहाच्या दोनशे सहा घंटांकडं तो परत, संशयानं, कान लावून बसेल. चार वर्षं पोरीनं थेंबाथेंबानं भरलेलं पिंप, आणि बुडाशी भोक पाडायला निघाली होती ती स्वतःच. कुणासाठी? सासऱ्याच्या तोंडासाठी.

"तुझा मोबाइल मी दुरुस्त करतो, भाभी," लतीफ म्हणाला, "मला तर काही—"

"तू गप्प बस," अलीमामद म्हणाला. अलीमामद बायकोकडं बघत होता. त्याला नेमकं काही कळलं नव्हतं, पण बायको खोटं बोलते तेव्हा तिच्या मानेवर लाली चढते, हे सहा वर्षांत त्याला कळलं होतं. तो तिच्या बाजूला सरकून बसला. "मोबाइलच होता. पडला होता. मीच पाडला."

"एकानं पाडला की दोघांनी?" ओसमाण म्हणाला. आणि उठला. "बरं. मोबाइल तर मोबाइल. आता बरा झालाय ना? मग आता घे आवाज. अदा!" तो भावाला ओरडून म्हणाला. "ती शेळीची घंटा भाजून निवली आहे. तिचा नाद काढ. पोर आवाज भरून घेईल, आत्ता, सगळ्यांसमोर. उद्या हीच घाल झुलेखा. म्हाताऱ्याचं तोंड बंद होईल. माझंही होईल."

जुसबनं मान हलवली. त्याला घंटा एवढं कळलं असावं. हात पुढं करून त्यानं ती घेतली.

आणि ओसमाण येऊन बसला. बसला तो भावाच्या आणि परातीच्या बरोबर मध्ये, भावाकडं तोंड करून. मुद्दाम की सहज, हे हवाबाईला पुढं कधीच कळलं नाही. तिला दिराची रुंद पाठ तेवढी दिसत होती, आणि पाठीच्या वर नवऱ्याचं कपाळ.

झुलेखानं मोबाइल पुढं धरला. 

टक.

बसका. हवाबाईनं तिंबणं चालू ठेवलं, सवयीनं, आणि मग तिला उमगलं की हे कुणालाच दिसत नाही.

टक. अजून बसका. जुसबनं घंटा कानाशी धरली. कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या. त्याची नजर शोधत होती, ओसमाणच्या खांद्यावरून, कानाच्या बाजूनं. ओसमाण जागचा हलत नव्हता.

टक. वर चढला, पण फार चढला. शेळीच्या घंटेला एवढा चढा नाद लागला की ती फुटकी वाटते. आता आणखी एक चुकीचा ठोका बसला तर कड वाकेल आणि घंटा भट्टीत परत. जुसबच्या हातोडीचा हात वर गेला. तिथंच राहिला. त्याच्या नाकावर घाम आला होता. आयुष्यात त्याला तिनं घाबरलेलं तीनदा पाहिलं होतं: भूकंपात, थोरला दोन दिवस बेपत्ता होता तेव्हा, आणि आता.

उठून चहा टाकायला जावं. परात सांडावी. चक्कर आल्यासारखं करावं. सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच: आज निभेल, पुढचा शुक्रवार? त्याच्या पुढचा? पोर किती मोबाइल पाडणार?

"आतल्या अंगानं," ती म्हणाली.

आवाज निघालाच नाही नीट.  ओसमाणची पाठ ताठ झाली. त्याला ऐकू आलं होतं. झुलेखाला आलं होतं. ज्याच्यासाठी होतं त्याला मात्र नाही. जुसब तसाच, हात वर धरून.

"आतल्या अंगानं मारा. हळू."

जुसबनं हातोडी खाली घेतली. भावाच्या खांद्याला हात लावून त्याला बाजूला सारलं, दारातला पडदा सारावा तसं. समोर हवाबाई होती, कोपरापर्यंत चिखलानं भरलेली. तिचे ओठ पुन्हा हलले, ते त्यानं पाहिलं. तो तिच्याकडं बघत राहिला. मोबाइलचा लाल ठिपका चालू होता. झुलेखानं तो बंद केला नव्हता, किंवा तिला तिच्या बोटांचं भान नव्हतं.

"मोठ्यानं बोल," जुसब म्हणाला. त्याचा आवाज पडवीभर झाला. "दोन वर्षं झाली, घंटा मला ऐकू येत नाही."

अलीमामदनं मान खाली घातली. लतीफचं तोंड उघडं राहिलं. ओसमाण भावाकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत आता ते तीस वर्षांचं काहीच नव्हतं. रिकामी जागा मिळाल्यावर माणूस जसा बसायचं विसरतो तसा तो अवघडून, जमिनीला हात टेकून राहिला होता.

"आतल्या अंगानं!" हवाबाई ओरडली. या पुरुषांमध्ये एवढ्या मोठ्यानं ती आजवर बोलली नव्हती. "तीन बोटं खाली! हळू!"

टक.

"परत! तिथंच!"

टक.

"बास!"

नाद पडवीत फिरला आणि बराच वेळ पत्र्याखाली राहिला.   घंटा खाली ठेवून जुसबनं कपाळ पुसलं.

झुलेखानं मोबाइलकडं पाहिलं. सगळं त्यात भरलं गेलं होतं: चुकलेले तीन ठोके, सासूची कुजबुज, सासऱ्याचं ते वाक्य, ओरडणं, आणि शेवटी नाद. उद्या शुक्रवार होता.

"अब्बा," ती म्हणाली, "हे..."

तिचा आवाज बारीक होता, सासऱ्यापर्यंत गेला नाही. ओसमाण भावाच्या कानाशी वाकला. आधी नुसता घसा खाकरला. मग ओरडून म्हणाला, "अदा! सून विचारते, उद्या हे असंच घालायचं का? लोक ऐकतील! सगळं ऐकतील!"

"मला काय विचारता?" जुसब म्हणाला. "जिला ऐकू येतं तिला विचारा."

चौघांच्या माना वळल्या. हवाबाईला वाटलं, उठून आत जावं आणि दार लावून घ्यावं. तीन हजार शंभर माणसं. त्यांतली किती उद्या उठून जातील, त्या सात घंटा ज्यांनी विकत घेतल्या त्यांतले किती शिव्या घालतील, गावात काय बोलतील, जमातीत काय बोलतील. पोरीनं चार वर्षांत एकेक करून जमवलेली माणसं, आणि ती एका दुपारी जाणार की राहणार, हे तिनं सांगायचं. जिला अक्षर येत नव्हतं तिनं.

"त्या सात घंटा परत मागव," ती म्हणाली.  "ज्यांच्याकडं गेल्यात त्यांना कळव, नाद चुकलाय, आम्ही काढून देतो."

"अन् हे, मा?"

हवाबाईनं हात परातीतून बाहेर काढले. ते आता सगळ्यांना दिसत होते.

"घाल," ती म्हणाली.